ओपन इव्हनिंगला निघालेल्या मराठी पालकांना खुले पत्र

लंडनच्या उपनगरांत, हॅरोपासून हाउन्स्लोपर्यंत आणि पुढे स्लाव-रेडिंगकडे घरं घेतलेल्या मराठी आईबाबांना,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर लागला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गणपतीच्या फोटोंमधून वाट काढत एक प्रश्न दरवर्षी येतो, ओपन इव्हनिंगबद्दल, म्हणजे माध्यमिक शाळा पालकांना दाखवण्याच्या संध्याकाळच्या कार्यक्रमाबद्दल. अमुक शाळेची ओपन इव्हनिंग कुणी बघितली आहे का, फॅसिलिटीज कशा आहेत? मग उत्तरं सुरू होतात. बिल्डिंग जुनी आहे. नवा ब्लॉक मस्त आहे. ॲस्ट्रो (कृत्रिम हिरवळीचं मैदान) आहे, फ्लडलाइटसकट. आणि शेवटी कुणीतरी अनुभवी माणूस सांगून टाकतो, की ग्रामरला (परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळेत) नंबर नाही लागला तर बॅकअप म्हणून ठीक आहे. बॅकअपच्या या भाषेमुळेच मी हे पत्र लिहायला बसले.

माझी दोन्ही मुलं घराजवळच्या साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमधली, म्हणजे प्रवेशपरीक्षा न घेणाऱ्या सरकारी शाळेतली. थोरला बाहेर पडला, धाकटी अजून तिथेच आहे. पालकांमधून निवडून गेलेली गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळाची सदस्य, म्हणून मी तिथे एक मुदत काढली. जागा आणि इमारती बघणाऱ्या समितीवर माझी वर्णी लागली, कारण ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. शाळेचं नाव सांगत नाही. सांगून काही उपयोगही नाही, कारण पश्चिम लंडनच्या बाहेरच्या पट्ट्यात अगदी तिच्यासारख्या कितीतरी शाळा आहेत आणि तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यातली एखादी असणारच.

आधी हिशेब मांडते. सगळ्या इंग्लंडमध्ये सरकारी ग्रामर शाळा १६३. सरकारी माध्यमिक शाळांत जाणाऱ्या वीस मुलांमागे साधारण एक मूल तिथे जातं. हॅरो, हिलिंग्डन, ईलिंग, हाउन्स्लो आणि ब्रेंट या पाच बरोंमध्ये (लंडनच्या स्थानिक कौन्सिलांच्या विभागांत) मिळून एकही नाही. म्हणून आपली मुलं स्लावच्या चार शाळांची परीक्षा देतात, कुणी बार्नेटला, कुणी किंग्स्टनला, कुणी पार सटनला. वर्ष चौथीपासून शनिवार-रविवार ट्यूशन, पुस्तकांचे गठ्ठे, मॉक परीक्षा. मी त्याला नावं ठेवत नाही. ज्याला जमतं त्याने खुशाल करावं. पण आपल्यातल्या बहुतेकांची मुलं शेवटी जातात ती कोपऱ्यावरच्या शाळेतच, आणि त्या शाळेत आईबाप पाऊल टाकतात ते तोंड पाडून. काही बघत नाहीत, काही विचारत नाहीत. जी शाळा आपण निवडलीच नाही तिला प्रश्न कसले विचारायचे, अशी काहीतरी समजूत असते. हेच मला खटकतं.

ओपन इव्हनिंग हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे. सगळं घासूनपुसून मांडलेलं असतं, मुलं पाहुण्यांना हसून दारापर्यंत आणून सोडतात, हॉलमध्ये हेडटीचरचं भाषण, मागे प्रोजेक्टरवर नाचणारी मुलं. यात खोटं काहीच नसतं. फक्त त्या संध्याकाळी शाळेतलं प्रत्येक दार उघडं असतं. माझं सांगणं इतकंच आहे, की इमारत बघून भुलू नका आणि इमारत बघून नाकही मुरडू नका. कुठली खोली रोज उघडते, किती वाजेपर्यंत उघडी राहते आणि ती उघडी ठेवणारा माणूस शाळेच्या पगारावर आहे का, हे शोधा. सोयी त्यावर ठरतात.

तरी इमारत वाचता यायला हवी, कारण ती बरंच बोलते. आपल्या भागातल्या पुष्कळ शाळा १९३०च्या दशकातल्या. मेट्रोपॉलिटन आणि पिकॅडिली लाइनच्या आसऱ्याने घरांच्या रांगा उभ्या राहिल्या तेव्हा मिडलसेक्स काउंटी कौन्सिलने भराभर शाळा बांधल्या. कौन्सिलचे वास्तुरचनाकार कर्टिस आणि बर्चेट यांच्यावर डच वास्तुकार डुडॉक यांची छाप होती. सपाट छपरं, आडव्या लांबच लांब खिडक्या, आणि एका बाजूला जिन्याचा विटांचा चौकोनी मनोरा. असा मनोरा दिसला की समजा, आतल्या हॉलला लाकडी तुकड्यांची जमीन असेल आणि रंगमंच चांगला मोठा असेल. मिडलसेक्स कौन्सिल १९६५मध्ये संपलं. शाळा उभ्या आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर बांधलेल्या कित्येकांपेक्षा धट्ट्याकट्ट्या आहेत.

१९४४च्या कायद्यानंतर मुलांची अकराव्या वर्षी चाळणी व्हायला लागली. पास झालेली ग्रामरमध्ये, उरलेली बहुतेक सेकंडरी मॉडर्नमध्ये. जुलै १९६५मध्ये मंत्री अँथनी क्रॉसलंड यांच्या खात्याचं १०/६५ क्रमांकाचं परिपत्रक निघालं. त्यात स्थानिक कौन्सिलांना चाळणी बंद करून सगळ्या मुलांसाठी एकच शाळा करण्याचे आराखडे द्यायला सांगितलं. विनंती होती, सक्ती नव्हती. पाच वर्षांनी त्या खुर्चीत मार्गारेट थॅचर आल्या. त्यांनी परिपत्रक मागे घेतलं, पण कौन्सिलांकडून प्रस्तावांचा ओघ सुरूच राहिला, आणि कॉम्प्रिहेन्सिव्हचे सर्वाधिक प्रस्ताव मंजूर झाले ते त्यांच्याच सहीने. आपल्या उपनगरांतली 'कॉम्प' अशी जन्मली. कुठे जुन्या ग्रामरला शेजारची सेकंडरी मॉडर्न जोडली, कुठे नुसती पाटी बदलली. म्हणून एकाच आवारात तीन-चार काळांची बांधकामं दिसतात.

युद्धानंतर मुलं वाढली, विटा आणि गवंडी कमी पडले, तेव्हा पोलादी सांगाडा आणि पॅनेलं जोडून शाळा बांधायची पद्धत आली. नॉटिंगहॅमशरमध्ये खाणींमुळे जमीन खचायची, तिथल्या गरजेतून १९५७मध्ये क्लास्प नावाची पद्धत निघाली आणि तिची भावंडं देशभर पसरली. पातळ भिंती, भरपूर काच. जानेवारीत कोट घालून बसा, जूनमध्ये भाजून निघा. त्या काळच्या बांधकामांत ॲस्बेस्टॉसही सर्रास वापरलेलं आहे. ते हलवलं नाही तर सहसा त्रास देत नाही, पण साधी भिंत पाडायची म्हटली तरी सर्वेक्षण आणि खर्च आडवा येतो. मग १९७२. शाळा सोडण्याचं किमान वय पंधराचं सोळा झालं, एक अख्खं वर्ष वाढलं, आणि त्या मुलांसाठी घाईघाईने वेगळे ब्लॉक उभे राहिले. त्यांना अजून काही ठिकाणी जुने शिक्षक 'रोस्ला ब्लॉक' म्हणतात, 'रेझिंग ऑफ द स्कूल लीव्हिंग एज' या शब्दांवरून.

नव्या चकचकीत शाळांची गोष्ट निराळी. २०००च्या दशकात लेबर सरकारने देशातली प्रत्येक माध्यमिक शाळा नवी करण्याचा विडा उचलला होता. जुलै २०१०मध्ये नव्या सरकारने तो कार्यक्रम गुंडाळला आणि ७००हून अधिक शाळांची कामं कागदावरच राहिली. त्यामुळे एकाच बरोत एका शाळेला काचेचा तीन मजली दर्शनी भाग आणि तिच्या शेजारणीकडे पावसाळी दिवशी कॉरिडॉरमध्ये बादल्या, असा प्रकार दिसतो. कुणाची फाइल आधी पोचली एवढाच फरक. शिकवण्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. शिवाय नव्या इमारतींतल्या काही खासगी कंपनीशी पंचवीस-तीस वर्षांचा करार करून बांधलेल्या आहेत. देखभाल कंपनीची, चाव्या कंपनीच्या. संध्याकाळी जादा तास उघडी ठेवायची तर कराराची पानं उलटावी लागतात. अशा शाळेत गेलात तर काच बघा आणि मग विचारा, पाच वाजल्यानंतर मुलांना आत राहता येतं का?

आणि ३१ ऑगस्ट २०२३ तुमच्यापैकी बऱ्याचजणांना आठवत असेल. शाळा उघडायला काही दिवस असताना सरकारने १०४ शाळा-संस्थांना इमारतींचे काही भाग बंद करायला सांगितले. रॅक नावाचं हलकं, फुगीर काँक्रीट पन्नासच्या दशकापासून छपरांत वापरलं गेलं होतं. २०१८मध्ये केंटमधल्या एका प्राथमिक शाळेचं छप्पर त्यामुळेच कोसळलं. सुदैवाने सुट्टीचा दिवस होता. त्या आठवड्यात ग्रुपांवर जो गोंधळ उडाला तो साहजिकच होता. पण ज्या शाळांत रॅक नाही तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. जून २०२३मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने सांगितलं होतं, की पुनर्बांधणीची किंवा मोठ्या दुरुस्तीची गरज असलेल्या शाळांत ७ लाख मुलं शिकत आहेत. तुमची शाळा त्यात आहे का, हे विचारण्याचा सरळ मार्ग म्हणजे इमारतीच्या स्थितीचा शेवटचा अहवाल कधीचा आणि त्यातलं पहिल्या क्रमांकाचं काम कुठलं, असं विचारणं. हेडटीचरला नसेल माहीत तर साइट मॅनेजरला विचारा. त्याला पाठ असतं. आमच्याकडचा साइट मॅनेजर छपराच्या गळक्या जागा मुलांच्या नावांसारख्या सांगायचा.

इमारतीबद्दल इतकं पुरे. आता दारांबद्दल.

लायब्ररीपासून सुरू करते, कारण आपण मराठी माणसं तिथे सगळ्यात आधी विरघळतो. इंग्लंडमध्ये तुरुंगात लायब्ररी असलीच पाहिजे असा नियम आहे. शाळेत असलीच पाहिजे असा नाही. शाळेच्या बजेटचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पगारांत जातो. पैसे कमी पडले की शिक्षक कमी करणं अवघड, म्हणून कात्री चालते ती लायब्ररियन, तंत्रज्ञ, परिचारिका यांच्यावर. आमच्या शाळेत हेच झालं. पुस्तकं तिथेच, बीनबॅग तिथेच, भिंतीवरचं वाचनझाडही तिथेच, फक्त लायब्ररियन गेल्या. मग ती खोली सिक्स्थ फॉर्मच्या (सोळा ते अठरा वयाच्या मुलांच्या) अभ्यासासाठी ठेवली, दुपारी शिक्षा झालेल्या मुलांना बसवायला वापरली, आणि सातवीच्या मुलांना आठवड्यात एक तास इंग्रजीच्या बाईंबरोबर रांगेने नेऊ लागले. ओपन इव्हनिंगला मात्र दिवे लावून टेबलावर बुकमार्क मांडलेलेच असत. तेव्हा विचारा, लायब्ररियन पूर्ण वेळ आहेत का? जेवणाच्या सुट्टीत सातवीचं मूल आपणहून येऊ शकतं का? जेवणाच्या सुट्टीचं विशेष सांगते, कारण नव्या शाळेत मित्र न जमलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला ती चाळीस मिनिटं फार लांब असतात, आणि उघडी लायब्ररी ही त्याची एकमेव जागा असू शकते.

टॉयलेट. हा विषय आपल्याकडे कुणी काढत नाही. मुली घरी येऊन सांगतात, आया आपसात बोलतात आणि तिथेच संपतं. तोडफोड, व्हेपिंग, व्हिडिओ काढणं, या कारणांनी बऱ्याच शाळा तासांच्या वेळात टॉयलेटना कुलूप लावतात. फेब्रुवारी २०२३मध्ये इंग्लंडभर अनेक शाळांत मुलांनी यावरून निदर्शनं केली. बातम्यांत ती टिकटॉकचं खूळ म्हणून आली, पण मुलांची तक्रार खरी होती. जानेवारी २०२०पासून सरकार शाळांना पाळीसाठीचं साहित्य फुकट देतं. ते कपाटात आहे, कपाट टॉयलेटच्या खोलीत आहे आणि खोलीला कुलूप आहे, असं असेल तर त्या योजनेचा मुलीला उपयोग काय? नियम असं सांगतात, की मुलांसाठी पुरेशी आणि योग्य टॉयलेट हवीत, आणि आठ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलामुलींसाठी ती वेगळी हवीत, नाहीतर आतून कडी लागणारी एकेकट्याची हवीत. कुलपाबद्दल प्रत्येक शाळेचं धोरण वेगळं. म्हणून विचारायचं. तोंडाने विचारायची लाज वाटत असेल तर एक करा. शाळा दाखवायला जी आठवी-नववीची मुलगी दिली असेल तिला हळूच विचारा. ती खरं सांगेल. भाषण तिने पाठ केलेलं असतं, पण या प्रश्नाचं उत्तर कुणी पाठ करून घेतलेलं नसतं.

विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आपली पावलं आपोआप वळतात. त्या संध्याकाळी सिक्स्थ फॉर्मची मुलं गॉगल लावून बर्नरच्या ज्योतीत क्षार धरत असतात. तांब्याची हिरवी-निळी ज्योत, लिथियमची किरमिजी, पोटॅशियमची फिकी जांभळी. छान दिसतं. बघून झालं की दोन प्रयोगशाळांच्या मधलं अरुंद दार शोधा. त्यामागे प्रेप रूम असते. तिथे तंत्रज्ञ बसतो. उद्याच्या प्रत्येक तासासाठी ट्रॉलीवर ट्रे लावलेला, त्यावर शिक्षकाने भरलेली मागणीची चिठ्ठी, एकीकडे कुलूपबंद रसायनं. ट्रॉल्या भरलेल्या असतील, चिठ्ठ्या चालू आठवड्याच्या असतील, तर त्या शाळेत मुलं खरंच हाताने प्रयोग करतात. प्रेप रूममध्ये जुन्या फायली आणि मोडक्या स्टुलांचा ढीग असेल तर प्रयोग यूट्यूबवर होतात. जीसीएसईच्या (सोळाव्या वर्षीच्या परीक्षेच्या) विज्ञानाला आता प्रात्यक्षिकाचे वेगळे गुण नाहीत, पण लेखी पेपरात किमान १५ टक्के गुण प्रयोगांवरच्या प्रश्नांना असतात. ज्याने ब्यूरेटची (द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळीची) तोटी स्वतः फिरवलेली नाही त्याला ते प्रश्न पाठांतराने सोडवावे लागतात, आणि ते पाठांतर शिकवायला पुन्हा आपणच ट्यूशनवाल्याला पैसे मोजतो.

वर्कशॉपसमोर मात्र आपली मंडळी थांबतच नाहीत. सुतारकाम शिकायला का इंग्लंडला आलोय, हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, आणि बोलणारा मेकॅनिकल इंजिनिअर होता. इथे डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हा खरा विषय आहे. पिलर ड्रिल, लेझर कटर, प्लॅस्टिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढणारं यंत्र. २०१०नंतर सरकारने शाळांना मोजायला जी विषयांची यादी धरली तिच्यात तो नव्हता. त्यामुळे कित्येक शाळांनी वर्कशॉप आवरतं घेतलं, कुठे त्याच्या वर्गखोल्या झाल्या. ते चालू आहे का हे ओळखायची एक खूण सांगते. लाकडाची धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणेची तपासणी कायद्याने जास्तीत जास्त चौदा महिन्यांनी करावी लागते आणि तिच्यावर तारखेचं लेबल असतं. ताजी तारीख म्हणजे तिच्यावर कुणीतरी खर्च करतं आहे. फूड टेक्नॉलॉजीची खोलीही बघा. पुढे रविवारी रात्री दहा वाजता मूल सांगेल, की उद्या ७५ ग्रॅम मार्जरीन आणि दोन सफरचंदं न्यायची आहेत, तेव्हा निदान ओव्हन कुठला आहे ते माहीत असेल.

मैदान हे उपनगरी शाळेचं खरं वैभव. आतल्या लंडनच्या शाळांना डांबरी अंगण मिळालं तरी नशीब, आपल्याकडच्या शाळांना हॉकी, क्रिकेट, धावण्याची वाट मावेल एवढी हिरवळ आहे, तीही १९३०च्या दशकात जमीन स्वस्त होती म्हणून. ती विकायची झाली तर १९९८च्या कायद्यानुसार मंत्र्यांची परवानगी लागते. पण किती मोठं मैदान हवं याचे आकडे नियमांत पूर्वी होते, ते २०१२मध्ये गेले. आता मुलांना योग्य अशी मोकळी जागा असावी, एवढंच लिहिलेलं आहे. योग्य म्हणजे केवढी, यावर वकील पोट भरतील. विकण्यापेक्षा हल्ली जास्त चालतं ते भाड्याने देणं. कृत्रिम हिरवळीचं फ्लडलाइटवालं मैदान बांधायला क्लबचा किंवा संस्थेचा पैसा येतो आणि त्या बदल्यात संध्याकाळचे तास त्यांचे होतात. सौदा वाईट असतोच असं नाही. आमच्याकडे त्या भाड्यातून बॉयलर बदलला गेला. पण साडेतीनला शाळा सुटल्यावर शाळेचंच मूल कुंपणाबाहेर उभं राहून बाहेरच्या मुलांचा सराव बघतं, तेव्हा ती सोय नेमकी कुणाची हे विचारायला हरकत नसावी.

स्पोर्ट्स हॉलबद्दल थोडक्यात. जमिनीवर पाच रंगांच्या रेघा, चार बॅडमिंटन कोर्ट. मे-जूनमध्ये तिथे परीक्षेची बाकं लागतात आणि पावसात पीई कुठे होतो हा प्रश्न उरतो. संगीताच्या खोल्यांना मी दोनच गोष्टी विचारते. सरावाच्या छोट्या खोल्या शाळा सुटल्यावर उघड्या असतात का, आणि वाद्य घरी न्यायला मिळतं का? कॅन्टीनमध्ये बोटाच्या ठशावर जेवण मिळतं हे बघून आपण भारावतो. तो ठसा घ्यायला २०१२च्या कायद्याने पालकांची लेखी परवानगी लागते, आणि नाही म्हटलं तर शाळेने दुसरी व्यवस्था द्यायची असते. फॉर्मच्या गठ्ठ्यात तो कागदही असतो. सही करण्याआधी वाचा.

आता थोडं आपल्या वर्मावर बोट ठेवते. आपल्यातल्या कित्येकांना या शाळा चांगल्या ठाऊक आहेत, पण फक्त शनिवारी संध्याकाळी. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे, पण उपनगरांतल्या छोट्या मंडळांनी दिवाळीचा कार्यक्रम, नाटक, लहान मुलांची मराठी शाळा करायची ती भाड्याच्या जागेतच, आणि ती जागा पुष्कळदा एखाद्या कॉम्प्रिहेन्सिव्हचा हॉल असते. तिथला लाकडी रंगमंच, मागची कपडे बदलायची खोली, कुठला स्विच कुठल्या दिव्याचा, हे आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ. साइट मॅनेजर समोसे खाऊन गेलेला. पडदा अडकतो म्हणून तक्रार करायला आपण पुढे असतो, कारण तासाचे पैसे मोजलेले असतात. सोमवारी त्याच रंगमंचावर नाटकाचा तास आहे आणि पडदा अजून अडकलेलाच आहे, याचं मात्र आपल्याला सोयरसुतक नसतं. ती शाळा आपल्या करातून चालते. आपली मुलं तिथे सात वर्षं काढणार असतात. भाडेकरू म्हणून जेवढं हक्काने बोलतो तेवढं पालक म्हणून बोललो तर कितीतरी दारं उघडी राहतील.

कुठे बोलायचं, तर गव्हर्निंग बोर्डावर. कौन्सिलच्या शाळेच्या बोर्डावर किमान दोन जागा पालकांमधून निवडून द्यायच्या असतात. आता बहुतेक माध्यमिक शाळा अकॅडमी झाल्या आहेत, म्हणजे कौन्सिलच्या ताब्यातून बाहेर पडल्या आहेत, आणि त्या ट्रस्टकडे असतात. तिथेही ट्रस्टच्या मंडळावर किंवा शाळेच्या स्थानिक मंडळावर किमान दोन निवडून आलेले पालक हवेत. मुदत सहसा चार वर्षं, मानधन शून्य, वर्षाकाठी काही संध्याकाळच्या बैठका आणि वाचायचे कागद. ही निवडणूक म्हणजे एक ईमेल असते, जी आपण न वाचता पुढे ढकलतो. पुष्कळदा दोन जागांना दोनच अर्ज येतात आणि मतदानाची वेळच येत नाही. आपल्यात चार्टर्ड अकाउंटंट आहेत, कराराचे कज्जे सोडवणारे वकील आहेत, बँकांच्या कोट्यवधी पौंडांच्या यंत्रणा सांभाळणारी मंडळी आहेत. लायब्ररियनचा पगार काढून किती वाचतं आणि काय जातं, हे बजेटच्या तक्त्यात बघायला यांच्याइतकं लायक कोण? माझ्या मुदतीत अशा बैठकांना मराठी म्हणून मी एकटीच होते. लायब्ररियनची जागा मला वाचवता आली नाही, कारण मी निवडून गेले तेव्हा निर्णय होऊन गेला होता. टॉयलेटचं कुलूप मात्र निघालं. त्यासाठी आंदोलन वगैरे काही करावं लागलं नाही. बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो विषय लिहून घेतला आणि प्रत्येक बैठकीत पुन्हा लिहून घेतला, एवढंच. शेवटी जेवणाच्या सुट्टीत आणि तासांच्या वेळात तिथे उभं राहायला एक माणूस नेमला गेला आणि दार उघडं राहिलं.

तर यंदा काय करायचं? ३१ ऑक्टोबरच्या आत अर्ज भरा. लंडनच्या फॉर्मवर सहा पसंत्या देता येतात, त्या सहाही भरा. पसंतीचा क्रम शाळांना दिसत नाही, त्यामुळे ग्रामर वर लिहिली म्हणून जवळची शाळा रुसत नाही. जवळची शाळा यादीत न लिहिण्याचा मात्र तोटा होतो. अंतरावर प्रवेश देणाऱ्या शाळेत गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावरून झाला तो आकडा कौन्सिलच्या पुस्तिकेत असतो. शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेचा एका शब्दाचा शेरा सप्टेंबर २०२४पासून बंद झाला आहे, तेव्हा जुना 'आउटस्टँडिंग'चा फलक कुंपणावर दिसला तर त्यावरचं साल वाचा. ओपन इव्हनिंगला जा, पण जमलं तर कामाच्या दिवशी सकाळीही शाळा बघायची वेळ मागा. बऱ्याच शाळा देतात. तास बदलतानाची पाच मिनिटं कॉरिडॉरमध्ये उभं राहून बघितलीत तर संध्याकाळच्या भाषणापेक्षा जास्त कळेल.

१ मार्चला जी शाळा मिळेल ती मिळेल. पुढच्या शरद ऋतूत कधीतरी पालक-गव्हर्नरच्या अर्जाची ईमेल येईल. त्यात थोडक्या शब्दांत स्वतःबद्दल लिहायचं असतं आणि तिथेच बरेच जण अडतात, कारण आपल्याला एक तर नोकरीचा बायोडेटा लिहिता येतो किंवा काहीच नाही. मी भरलेला अर्ज माझ्याकडे आहे. हवा असेल त्याने मागावा, पाठवून देईन. तसाच्या तसा उतरवलात तरी माझी हरकत नाही, फक्त मुलांची वयं बदला.

कळावे, लोभ असावा.

आपली,
उपनगरातली एक आई